"आणि ह्याचं काय?" : मावसबहिणीशी तुलना करायच्या माझ्या सवयीची केस

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना आम्हाला केस स्टडी लिहायला लागायच्या, पेशंटची हिस्टरी, तक्रार काय, तपासणीत काय दिसलं, काय केलं, कशाचा गुण आला कशाचा नाही, सगळं रेकॉर्ड बुकात मांडायचं आणि मॅडमची सही घ्यायची. ही केस मी तशीच लिहायला बसलेय, फक्त पेशंट मी स्वतः आहे. माझ्या मावसबहिणीला विचारूनच लिहितेय, तिने दोन गोष्टी गाळायला सांगितल्या त्या गाळल्यात, बाकी जसं घडलं तसं.

आधी हिस्टरी. आम्ही नगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. मराठी ख्रिस्ती कुटुंब, आज्यापासून चर्चला जाणारं. आमच्याकडं घरटी एक तरी नर्स नाहीतर शिक्षिका असतेच, मिशनच्या काळापासून चालत आलेलं आहे ते. ती माझ्यापेक्षा सात महिन्यांनी लहान, म्हणून मला ताई म्हणते, पण वाढलो जोडीनं. एकाच शब्बाथ शाळेत, एकाच वर्षी दहावी, एकाच बॅचला जीएनएम, साडेतीन वर्षं होस्टेलला शेजारशेजारच्या कॉटवर. पहिल्यापासून सगळ्यांना आमची नावं जोडीनंच घ्यायची सवय, आणि जोडीनं नाव घेतलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "दोघींत हुशार कोण?" कुणी वाईट मनाने विचारत नसतं. पण सात वर्षांच्या पोरीला वर्षातून पन्नास वेळा हे ऐकायला मिळालं तर ती पोर तेच शिकते, की मी किती आहे हे शेजारचीकडं बघितल्याशिवाय कळत नाही.

सायकॉलॉजीच्या तासाला हे ओझरतं शिकवलेलं पण होतं. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५४ साली मांडलं, की मोजायला दुसरं काही माप नसलं की माणूस स्वतःला दुसऱ्या माणसाशी लावून मोजतो, आणि तो दुसरा सहसा आपल्यासारखाच, आपल्या बरोबरीचा असतो. म्हणून अंबानींचं घर बघून माझी कधी झोप उडाली नाही. मावशीच्या घराचा स्लॅब बघून उडाली.

लग्न झालं, मुलं झाली, दोघींनी नोकऱ्या केल्या, तोपर्यंत बरं चाललेलं. मग २०१९ मध्ये आमच्या ओळखीतल्या नर्सेस एकेक करून इंग्लंडला जायला लागल्या आणि आम्ही दोघींनी पण ठरवलं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, ओईटी, चार पेपर असतात, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला लिहिणं सोडून बाकी तिन्हीत बी ग्रेड लागते म्हणजे ३५०, आणि लिहिण्यात सी प्लस चालतं, म्हणजे ३००. लिहिण्यात काय असतं तर पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून एक पत्र लिहायचं, रेफरल नाहीतर डिस्चार्जचं. फी तेव्हा तीस हजाराच्या वर होती, माझ्या पगारापेक्षा जास्त. ती पहिल्या वेळेला पास. मला लिहिण्यात २८०. परत दिली, २९०.

दहा मार्क. ज्याने कधी अशी परीक्षा दिली त्यालाच कळेल दहा मार्क काय असतात.

तिसऱ्या वेळेसाठी पैसे जमवत होते तोच पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मम्मीला गुडघ्यांमुळं उठबस होत नाही, भाऊ नाही, आणि माझे मिस्टर भले माणूस पण त्यांची नोकरी फिरतीची. विषय तिथंच संपला. ती २०२१ मध्ये गेली, मी पुण्याच्या विमानतळापर्यंत सोडायला गेले होते, रडले पण. ते रडणं कशाचं होतं हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

तक्रार काय होती

नाईट ड्युटीला रात्री दोनच्या सुमाराला वॉर्ड जरा शांत होतो. औषधं देऊन झालेली, पहाटेच्या राऊंडला वेळ असतो. तेव्हा तिकडं संध्याकाळचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि तिचा स्टेटस पडायची वेळ तीच. मी नर्सिंग स्टेशनच्या खुर्चीत बसून बघायचे. पानगळीतला रस्ता, लाल पानं. तिच्या मुलाचा शाळेचा टाय. किचनमधला ओव्हन. ओव्हन मला नको होता खरं तर, पण ती ओव्हनमधून केक काढताना बघितलं की दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावरचा कुकर मला डोळ्यासमोर नको व्हायचा. एक स्टेटस मी चार चार वेळा बघायचे, मागे भिंतीला काय आहे, पडदे कसले आहेत, बोटाने थांबवून थांबवून.

लक्षणं लिहायची झाली तर, झोप कमी, मुलावर चिडचिड ("बघ तो कसं इंग्रजी बोलायला लागला"), मिस्टरांना टोमणे, पप्पांना आंघोळ घालताना हात रखरखीत. शेवटचं लिहायला जड जातंय. माझ्या पेशंटला मी कधी तसा हात लावला नाही आणि बापाला लावला. आणि प्रार्थनेत एक विचित्र गोष्ट व्हायला लागली होती, मी डोळे मिटले की देवापुढं न बसता तिच्याशेजारी बसल्यासारखं व्हायचं. सगळी प्रार्थना तिच्याबद्दल, तिचं नाव न घेता. "मलाच का नाही, मी काय कमी केलं, चर्चला तर मी जास्त जाते."

इथं एक सांगते, आणि हे मी आपल्या मंडळीवरच्या प्रेमापोटी सांगतेय. चर्चमध्ये साक्षीची वेळ असते ना, तेव्हा जवळजवळ नेहमी ज्याला मिळालं तोच उभा राहतो. व्हिसा आला, स्लॅब पडला, गाडी घेतली, "देवाने आशीर्वादित केलं." सगळं खरं असतं, आणि आभार मानायलाच पाहिजेत. पण ज्याचा व्हिसा नाकारला गेला त्याने उभं राहून सांगितलं की ह्या महिन्यात देव माझ्याजवळ होता, असं मी चाळीस वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या वेळाच ऐकलंय. मग मागच्या बाकावर बसलेल्याच्या मनात आपोआप हिशोब सुरू होतो की आशीर्वाद म्हणजे ते जे तिला मिळालं, आणि मला मिळालं नाही म्हणजे देव तिच्या बाजूला आहे. निव्वळ नातेवाइकांशी तुलना करण्यापेक्षा हे जास्त खोल लागतं, कारण ह्यात देवालाच साक्षीदार केलेलं असतं.

ज्या दिवशी कळलं की हा आजार आहे

२०२३ चा मे. राहुरीजवळ मावशीचं गाव, तिथं तिने पाठवलेल्या पैशातून घर बांधलं होतं त्याची अर्पणाची भक्ती होती. ती स्वतः येऊ शकली नव्हती, रजा मिळाली नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, गायनं झाली, मग जेवणाची तयारी. मागच्या अंगणात आम्ही बायका कांदा चिरत बसलो होतो, मटणाचं कालवण चुलीवर, बाजरीच्या भाकरीची चळत लागलेली. एक मामी म्हणाली, "पोरीनं नाव काढलं हो." दुसरी म्हणाली, "तिकडं नर्सला केवढा मान." आणि मी, हातातला कांदा खाली पण न ठेवता, बोलून गेले, "मान कसला, म्हाताऱ्यांचे डायपरच तर बदलायचे असतात दिवसभर."

मावशी माझ्या मागं उभी होती, हातात स्टीलच्या ताटांचा ढीग घेऊन. तिने ती ताटं खाली ठेवली, आवाज न करता, एकावर एक नीट. आणि म्हणाली, "ते तर तू पण करतीस ना गं पोरी रोज, तुझ्या बापाचं."

रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती साधं म्हणाली, आठवण करून दिल्यासारखं. मला तिथून उठायला पण झालं नाही, कांदा चिरत राहिले, डोळ्यातून पाणी आलं ते कांद्याने आलं म्हणायची सोय होती एवढंच.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे लहानपणापासून पाठ आहे. आमच्याकडं सगळे पुढं जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात. माझी रांग उठली, शेजारची बाई माझ्यासाठी वाट सोडून थांबली, मी उठलेच नाही. कधी नव्हे ते बसून राहिले.

आधी जे केलं आणि लागू पडलं नाही

हे सविस्तर लिहितेय कारण बऱ्याच जणी इथंच अडकतात आणि मग म्हणतात विश्वासाने काही होत नाही.

तिचे स्टेटस म्यूट केले. आठ दिवस बरं वाटलं, नवव्या दिवशी मम्मीच्या फोनवरून बघितले. म्यूट करणं वाईट नाही, जखमेवर पट्टी असतेच की, पण आत पू असला तर पट्टीने काय होणार.

मग आशीर्वादांची वही केली, कुणीतरी सांगितलं होतं रोज पाच गोष्टी लिही. महिनाभर लिहिल्या. एक दिवस मागची पानं वाचली आणि बघते तर काय, "बेड नंबर ४ च्या बाईला मूल नाही, मला दोन आहेत." "आमच्या वॉर्डमधल्या मावशींचा नवरा पितो, माझा पीत नाही." म्हणजे वर बघायचं सोडून मी खाली बघायला लागले होते, मोजपट्टी तीच. आणि मला लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवला. आपण त्याला नुसता गर्विष्ठ म्हणून सोडून देतो, पण त्याची प्रार्थना नीट वाचली तर ती आभाराची प्रार्थना आहे! "देवा, मी तुझे आभार मानतो की मी इतर माणसांसारखा नाही, ह्या जकातदारासारखा तर नाहीच." देवळात उभं राहून देवाचे आभार मानतोय आणि डोळा शेजारच्यावर. माझी वही तीच होती. तेव्हापासून "आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीतल्यांकडं बघा म्हणजे समाधान वाटेल" हा सल्ला मी कुणाला देत नाही. पुष्कळ चर्चेसमध्ये तो दिला जातो, पण त्याने मोजायची सवय जात नाही, वरून खाली वळते फक्त, आणि ज्या बाईच्या दुःखावर आपण आपलं समाधान बांधतो तिचा पण आपण वापर करतो.

तिसरं, "मला पण दे" ही प्रार्थना. मागणं चूक नाही. पण ते मिळालं असतं तर मी तिकडं जाऊन तिच्या घराशेजारी माझं घर लावून मोजलं असतं, हे आज मला स्वच्छ दिसतं.

ज्याने फरक पडला

मी प्रभुभोजनाला उठले नाही हे पाळकबाईंनी बघितलं होतं. मंगळवारी दुपारी घरी आल्या. सलाम केला, पप्पांशी बोलल्या, मग स्वयंपाकघरात येऊन पाटावरच बसल्या. मी सगळं सांगितलं, कांदा, ताटं, डायपर, सगळं. त्यांनी "असं बोलू नये हो" वगैरे काही म्हणलं नाही. म्हणाल्या, योहान एकविसावा काढ, आणि सावकाश वाच, मला ऐकू दे.

मी वाचलं. तिबिर्याचा समुद्र, रात्रभर जाळं टाकून काही नाही, सकाळी येशू काठावर, जाळ्यात १५३ मासे, कोळशाचा विस्तव, भाकर, भाजलेले मासे. पाळकबाई म्हणाल्या, कोळशाचा विस्तव कुठं आला होता आधी, आठव. अठराव्या अध्यायात, महायाजकाच्या अंगणात, तिथं शेकत उभं राहून पेत्राने येशूला नाकारलं होतं. तीनदा. आणि इथं पुन्हा विस्तवाशी बसवून येशू त्याला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तीनदा काम सोपवतो, माझी मेंढरं सांभाळ. मग सांगतो की तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा कुणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिथं नेईल.

एवढं सगळं, माफी, काम, पुढचं मरणसुद्धा, पेत्राला त्याच्या एकट्याचं असं मिळालं. आणि तो काय करतो? वळतो. विसावं वचन आहे, पेत्राने वळून बघितलं तर तो दुसरा शिष्य, योहान, मागून येत होता. आणि विचारतो, प्रभू, आणि ह्याचं काय?

मी तिथं थांबले. पाळकबाई म्हणाल्या, पुढं वाच. मी म्हणलं, थांबा जरा.

कारण मला ती मानच दिसली, वळलेली. येशू समोर आहे, आत्ता बोलतोय, आणि ह्याला मागं कोण येतंय ते बघायचंय, म्हणजे बघण्यासाठी समोरच्याकडं पाठ करावी लागतेच. रात्री दोन वाजता खुर्चीत बसून मी तेच करत होते. आणि येशू उत्तर देतो तेही किती वेगळं, तो पेत्राची समजूत घालत नाही की अरे त्याचं पण काही सोपं नाही, तुझं जास्त चांगलं आहे. योहानाबद्दल काहीच सांगत नाही. एवढंच, मी येईपर्यंत तो राहावा अशी माझी इच्छा असली तर त्याचं तुला काय, तू माझ्यामागं ये.

"त्याचं तुला काय" हे मी आधी रागावल्यासारखं वाचायचे. त्या दिवशी ते वेगळं ऐकू आलं. आई दोन पोरांना वाढत असते आणि एक म्हणतो त्याच्या ताटात काय आहे, तेव्हा ती म्हणते ना, त्याचं मी बघते, तू तुझं जेव. तसं. त्यात हे पण आलं की त्याचं मी बघतोय. बहिणीचं आयुष्य मला तपासायचं नाही, ते सांभाळणारा आहे.

पाळकबाईंनी जाताना लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट काढली. आमच्या नगरात टिळकांचं नाव घरातल्यासारखं घेतात, उपासना संगीत ह्या गायनाच्या पुस्तकातली त्यांची गायनं आम्ही दर रविवारी म्हणतो. लक्ष्मीबाईंचे मिस्टर रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं, त्यातली बरीचशी नवऱ्यापासून लांब, आणि नवरा एवढा मोठा कवी, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. पण त्यांना स्वतःला पटेपर्यंत त्या थांबल्या आणि मग स्वतःच्या पायाने आल्या. पाळकबाई म्हणाल्या, नवऱ्याच्या घड्याळावर ती बाई चालली नाही, देव पण तिच्यासाठी थांबला की.

त्यानंतर मी काय केलं

पहिलं मावशीकडं गेले, एसटीने, एकटी. माफी मागितली. मावशी म्हणाली, "मला नको, तिला माग, मी तिला सांगितलंय." हे मला अपेक्षित नव्हतं. बहिणीला व्हॉइस मेसेज पाठवला, सहा मिनिटांचा. निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर दोन दिवस नाही. मग आलं, "सलाम ताई. वाईट वाटलं होतं. तू म्हणालीस म्हणून जास्त." एवढंच. ती काही लगेच गोड झाली नाही आणि व्हायला पण नको होती.

दुसरं, तिचं नाव घेऊन प्रार्थना करायला सुरुवात केली. आठवडाभर तोंडातून शब्द निघाले नाहीत, "प्रभू, माझ्या बहिणीला..." आणि पुढं रिकामं. कारण मला तिचं खरं काही माहीतच नव्हतं! चार वेळा स्टेटस बघणाऱ्या मला हे माहीत नव्हतं की ती कुठल्या वॉर्डला आहे, सकाळी किती वाजता निघते. शेवटी विचारलं, तुझ्यासाठी कशाची प्रार्थना करू? ती म्हणाली, वॉर्ड मॅनेजरशी बोलताना अजून छाती धडधडते, त्याची कर. मग ती केली, रोज. आता कुणी असं समजू नका की तिचं तिकडं वाईट चाललंय आणि म्हणून मला बरं वाटलं. तिचं खरंच चांगलं चाललंय. नोकरी पक्की, मुलगा रुळलाय, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कमावते. माझ्या बरं होण्याला तिचं दुःख लागलं नाही, आणि मला वाटतं ह्या केसमधली हीच महत्त्वाची गोष्ट आहे. मनातल्या मनात तिची काहीतरी अडचण शोधून मी शांत झाले असते तर ते वहीचंच दुसरं रूप झालं असतं.

तिसरं, नाईट संपल्यावर स्टाफ रूममध्ये स्तोत्र ७३ वाचायचं. आसाफाचं आहे. तो सरळ कबूल करतो की माझे पाय घसरायच्या बेताला आले होते, मला गर्विष्ठांचा हेवा वाटला. देवाच्या मंदिरात गेल्यावर त्याला उमगतं, आणि मग म्हणतो मी तर तुझ्यापुढं जनावरासारखा होतो, तरी तू माझा उजवा हात धरलास. हात धरलास हे वाचलं की मला पप्पांचा उजवा हात आठवतो, जो त्यांना स्वतःला उचलता येत नाही, दुसऱ्याने धरावा लागतो. घरी जाऊन मी तो धरायचे. आंघोळ घालताना हात मऊ कधी झाला हे नेमकं सांगता येत नाही, मम्मी एकदा म्हणाली "आता त्यांना तुझ्याकडूनच आंघोळ हवी असते," तेव्हा कळलं.

आणि मत्तय २० मधली द्राक्षमळ्याची गोष्ट, ती मला मजूर अड्ड्यावर बघते तशी दिसायला लागली. सकाळपासून राबलेले, नऊला, बाराला, तीनला आलेले, आणि संध्याकाळी पाचला आलेले, सगळ्यांना एकच दिनार, जो एका दिवसाचा रोज होता. गंमत काय, मालक मुद्दाम शेवटच्यांना आधी देतो. पहिल्यांना आधी दिला असता तर ते ठरलेला रोज घेऊन खुशीत घरी गेले असते, भाकरी तेवढीच आली असती. त्यांना दुखलं ते बघितल्यामुळं. म्हणून मालक विचारतो, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यात सलतं का? डोळ्यातच सलतं. आणि मालकाने तरी त्यांना ते दाखवलं, लपवून दिलं नाही, कारण त्याला त्यांचा रोज चुकवायचा होता तसा त्यांचा डोळा पण बरा करायचा असावा. हे माझं वाचन आहे, कुणाला वेगळं वाटू शकतं.

वॉर्डमध्ये पण एक सापडलं, रोज करत होते पण कधी लक्षात आलं नव्हतं. नाडी मोजताना बेड सहाच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची, घड्याळावर नजर, पूर्ण एक मिनिट. मध्येच बेड सातच्या मॉनिटरकडं बघितलं की आकडा हुकतो, परत पहिल्यापासून. आणि टीपीआर चार्ट, म्हणजे टेंपरेचर, नाडी, श्वास लिहायचा तक्ता, ज्याचा त्याच्या बेडला असतो. सहाचं आजचं टेंपरेचर मी त्याच्या कालच्याशी लावून बघते, सातच्याशी लावून बघितलं तर सिस्टर ओरडतील. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो, प्रत्येकाने आपापलं काम तपासावं, दुसऱ्याच्या संबंधाने नव्हे. मी तेव्हापासून रात्री झोपताना दोनच प्रश्न विचारते, आज मला काय दिलं होतं आणि मी त्याचं काय केलं. कधी उत्तर चांगलं येतं, कधी नाही.

इव्हॅल्युएशन

पूर्ण बरी झाले असं लिहिणार नाही, खोटं होईल. २०२४ च्या नाताळला ती तीन वर्षांनी आली. विमानतळावरून थेट आमच्याकडं, माझ्या मुलासाठी बूट, मम्मीला स्वेटर. तिचा कोट बघितला आणि आत काहीतरी टोचलं, अगदी ओळखीचं. पूर्वी हे टोचणं महिना महिना राहायचं, त्या दिवशी भांडी घासून होईपर्यंत गेलं, कारण मला कळलं की मान वळलीय, आणि भांडी घासता घासता मी म्हणलं, प्रभू, बघ मी परत वळले. एवढीच प्रार्थना. टोचणं येणार नाही असं कुठल्याच वचनात मला सापडलेलं नाही. पेत्राचं तरी कुठं गेलं असेल एका सकाळीत.

ओईटी परत द्यायची का हा प्रश्न मिस्टरांनी काढला होता. आधी मी द्यायचे ते तिच्या मागं जायला. आता द्यायची झाली तर दुसऱ्या कारणाने देईन, सध्या पप्पा आहेत तोपर्यंत माझी मेंढरं इथं आहेत, हे मी दात ओठ न खाता म्हणू शकते. १ करिंथकर १२ मध्ये शरीराचं आहे ना, सगळं शरीर डोळाच असतं तर ऐकणं कुठं राहिलं असतं, आणि एका अवयवाचा मान झाला तर सगळे आनंद करतात. नाताळच्या भक्तीत साक्षीच्या वेळी ती उठली आणि घराबद्दल आभार मानले, आणि मी खरोखर आनंदाने आमेन म्हणलं, मोठ्याने. मावशीने वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांचा बेड बदलायचा होता. मी एकटी करते नेहमी, त्यांना एका कुशीवर घेऊन. ती चहाचा कप ठेवून आली, बाह्या वर केल्या, काही न विचारता पलीकडच्या बाजूला उभी राहिली. पहिल्या वर्षाला आम्हाला तसंच शिकवलं होतं, बेड मेकिंग दोघींनी करायचं, एक एका बाजूला. "तीन म्हणल्यावर," ती म्हणाली. पप्पांना तिने अंगाशी घेतलं, मी जुनी चादर गुंडाळून खाली सरकवली, नवी पसरली, तिने तिच्या बाजूचा कोपरा दुमडला, मी माझ्या. आमच्या मॅडमना लागायचा तसा, पंचेचाळीसच्या अंशात. पप्पांनी डाव्या हाताने चादर चाचपली आणि अडखळत म्हणाले, "इकडची... सुरकुती." तिची बाजू होती. तिने ओढून नीट केली, आणि आम्ही उशी बदलायला घेतली.